आम्ही, आपण आणि एक हिवाळी रात्र

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे दोन शब्द आहेत, आणि त्यांतला भेद मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच शिकते. 'आम्ही जेवलो' म्हटले की ऐकणारा पंक्तीबाहेर राहतो. 'आपण जेवू' म्हटले की त्याच्यासाठी पान मांडले जाते. इंग्रजीतल्या 'वुई'ला किंवा हिंदीतल्या 'हम'ला हा फरक करता येत नाही. गुजरातीला येतो, तमिळला येतो. मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. शिवाय आपले 'आपण' एवढ्यावरच थांबत नाही. 'आपण बसावे' असे म्हणताना ते आदरार्थी द्वितीयपुरुष होते, आणि 'तो आपण होऊन आला' या वाक्यात ते केवळ 'स्वतः' एवढाच अर्थ देते. एकाच शब्दात स्वतः, समोरचा आणि दोघे मिळून, असे तिघे नांदतात. व्याकरणाच्या तासाला ही एक गंमत म्हणून सांगितली जाते आणि तास पुढे सरकतो. आम्हा तिघांना ती गंमत गंभीरपणे घ्यावी लागली ती डिसेंबरातल्या एका रात्री, कोंदिवडे ते लोणावळा या वाटेवर, एका सांघिक स्पर्धेत चालत असताना.

आम्ही तिघे म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांचे दोन जुने विद्यार्थी. सर मुलुंडला राहतात, आमच्यातली एक अंधेरीला आणि एक बोरिवलीला. सर अर्थातच या 'आम्ही'तच आहेत. हा लेख त्यांनीही लिहिला आहे, काही परिच्छेद तर त्यांच्याच हातचे आहेत. तरीही लेखात त्यांचा उल्लेख 'सर' असाच येतो, कारण दुसरे कोणतेही नाव आमच्या हातून उतरत नाही. अशा संघात 'आम्ही' म्हणणे वाटते तितके सोपे नसते, हे वाचकांच्या येथेच लक्षात यावे.

या खेळाची परंपरा फार जुनी नाही. १९८१ साली हाँगकाँगमध्ये ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा तुकड्यांनी सराव म्हणून शंभर किलोमीटरची डोंगरवाट अठ्ठेचाळीस तासांत चालण्याचा उपक्रम सुरू केला. १९८६पासून तो सामान्य नागरिकांसाठी खुला झाला, 'ट्रेलवॉकर' या नावाने अनेक देशांत पसरला आणि २०१२पासून काही काळ भारतातही भरला. चौघांचा संघ, एकत्र निघायचे आणि एकत्र पोचायचे, हे त्याचे सूत्र. १९८९ साली जेरार फ्यूझील या फ्रेंच पत्रकाराच्या कल्पनेतून 'रेड गोलवाझ' ही स्पर्धा न्यूझीलंडमध्ये झाली. पाच जणांचा संघ, त्यात निदान एक स्त्री असलीच पाहिजे, आणि वाटेत यंत्रावर चालणारे वाहन वापरायचे नाही, अशा तिच्या अटी होत्या. महाराष्ट्रात पुण्याच्या नॅशनल एज्युकेशन फाउंडेशनने २००३ साली 'एन्ड्युरो थ्री' सुरू केली. तीत तिघांचा संघ असतो आणि डोंगरातली चाल, सायकल, पाण्यातून पार होणे असे टप्पे असतात. मुंबईच्या उपनगरांतून हौशी संघ अशा स्पर्धांना जात आले आहेत, आणि त्यात नवल नाही. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात २००२पासून गिरिमित्र संमेलन भरते. साहित्य संमेलनाला जावे तशी माणसे त्याला जातात आणि डोंगराविषयी तासन् तास ऐकतात.

या सर्व स्पर्धांचा एक समान नियम आहे, आणि वाङ्मयाच्या माणसाने विचार करावा असा तो आहे. संघाची वेळ म्हणजे संघातल्या शेवटच्या माणसाची वेळ. सर्वांत वेगवान कोण, याला काही किंमत नाही. कबड्डीत चढाई करणारा एकटाच श्वास रोखून पलीकडे जातो आणि संघासाठी गुण आणतो. दहीहंडीत खालच्या थरातल्या खांद्यांवर उभा राहून एकच गोविंदा हंडी फोडतो, आणि छायाचित्र त्याचे निघते. येथे मात्र संघाचे प्रतिनिधित्व सर्वांत मागे राहिलेला माणूस करतो. एखाद्या समाजाची प्रगती याच पद्धतीने मोजायची ठरली तर काय होईल, असे सरांनी सरावाच्या दिवसांत एकदा विचारले होते. आम्ही तेव्हा धापा टाकत होतो, त्यामुळे उत्तर कोणीच दिले नाही.

सराव उपनगरांतच झाला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत रविवारी पहाटे चालत जायचे आणि परतायचे. आठवड्यातून दोनदा अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या. इमारतींच्या गराड्यात उभा असलेला हा काळ्या खडकाचा उभा सुळका सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे, आणि खाली रिक्षांचे हॉर्न. कान्हेरीचा खडक आणि राजमाचीचा कडा हीही त्याच ज्वालामुखी-काळाची निर्मिती. तेव्हा आपण सह्याद्रीपासून दूर राहतो ही उपनगरवासीयांची समजूत भूगर्भशास्त्राला तरी मान्य नसावी. उपनगरात नसते ती एकच गोष्ट, काळोख. राष्ट्रीय उद्यानात रात्री प्रवेश नसतो, कारण तेथली रात्र बिबट्यांची आहे. आणि उद्यानाच्या भिंतीबाहेर रात्र म्हणजे पिवळ्या दिव्यांचा एक लांबलेला संधिकाल. त्यामुळे आमचे पाय तयार झाले, डोळे झाले नाहीत.

एक गोष्ट मात्र उपनगराने आम्हांला आधीच शिकवली होती. लोकलच्या बाकावर तीन माणसांची जागा असते आणि चौथा येऊन उभा राहतो. तो काही बोलत नाही, नुसता हात हलवतो. तिघे सरकतात आणि चौथी सीट तयार होते. त्या बाकावर कोणीच पुरते बसलेले नसते, पण उभेही कोणी नसते. आपल्या सोयीतला एक अष्टमांश दुसऱ्याला देऊन निभावणारी ही व्यवस्था कोणत्याही करारात लिहिलेली नाही. डोंगरात रात्री तीन वाजता आम्ही जे केले त्याचे मूळ आम्हांला कर्जत लोकलच्या बाकावर सापडते, गिर्यारोहणाच्या ग्रंथांत नव्हे.

स्पर्धेचे स्वरूप साधे होते. संध्याकाळी कोंदिवड्याहून निघायचे, कोंढाण्याच्या लेण्यांवरून चढून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला यायचे, तेथून दोन फेरे मारून वेगवेगळ्या खुणा शोधायच्या आणि सकाळी नऊच्या आत लोणावळा गाठायचे. हातात १:५०,००० प्रमाणाचा नकाशा आणि होकायंत्र. या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरची चढण. या वीस मीटरांत काय काय मावते ते रात्रीच कळते: एक कोरडा ओढा, करवंदीची जाळी, गुरांच्या पायांनी पाडलेली आणि माणसाला कोठेच न नेणारी ढोरवाट. नकाशा हा एक संपादित मजकूर असतो. काय गाळायचे ते कोणीतरी आधी ठरवलेले असते, आणि रात्री वाचकाची गाठ नेमकी त्या गाळलेल्या भागाशी पडते.

कोंढाण्याच्या लेण्यांपाशी आम्ही आठ वाजता होतो. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी खोदवलेला तो चैत्य आमच्या विजेरीच्या झोतात तुकड्यातुकड्यांनी दिसला. कमान दिसली तेव्हा खांब दिसले नाहीत. पावसाळी वर्षावासात भिक्षूंनी एकत्र राहावे आणि एरवी हिंडावे, असा त्यांचा नियम होता. संघ हा शब्द आपल्याकडे प्रथम रुजला तो त्यांच्यामुळे, खेळाडूंमुळे नव्हे, हे सरांनी तेथे थांबून सांगितले. आम्ही घड्याळाकडे पाहिले. सरांनीही पाहिले, आणि निघाले. वर्गात तास संपल्याची घंटा झाली की ते असेच वाक्य अर्धे ठेवून पुस्तक मिटत.

हिवाळ्याच्या रात्रीचे वर्णन मराठीत पुष्कळ झाले आहे; आम्ही त्यात भर घालणार नाही. एवढेच नोंदवतो की चढताना घामाने भिजलेला सदरा थांबताच गार पडतो, म्हणून थांबणे हेच खरे थंडीचे कारण होते. आणि चालत राहणे ही ऊब तिघांनाही एकाच वेगाने मिळत नव्हती. मध्यरात्री मृग नक्षत्र डोक्यावर होते, व्याध त्याच्या मागोमाग. वद्य अष्टमीचा चंद्र नुकता उगवत होता. उधेवाडीच्या अलीकडे सरांचा उजवा गुडघा धरला.

आता खरा प्रश्न. उधेवाडीच्या तपासणी-ठाण्यावर एक डॉक्टर होते. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, सूज नाही म्हणाले, पट्टी घट्ट बांधली आणि सांगितले की येथून लोणावळ्याचा गाडीरस्ता सावकाश चालता येईल. धावायचे नाही, फेऱ्यांतले उतार करायचे नाहीत, आणि दुखणे वाढले तर वाटेत जीप आहे. मग ठाण्यावरच्या स्वयंसेवकाने वही उघडून विचारले, "तुमचं काय ठरलं?"

नियमानुसार तीन वाटा होत्या. तिघांनी तेथेच थांबायचे. किंवा सरांनी थांबायचे आणि उरलेल्या दोघांनी पुढे जायचे. अशा संघाला क्रमांक मिळत नाही, पण दोघांना पूर्ण मार्ग केल्याचे समाधान मिळते. किंवा तिघांनी फेऱ्या सोडून सरांच्या वेगाने लोणावळ्याकडे चालू लागायचे. त्यातही क्रमांक नव्हता, कारण फेऱ्यांतल्या खुणा राहणार. आणि नऊच्या आत पोचण्याची खात्रीही नव्हती. थोडक्यात, स्पर्धा म्हणून जे हरायचे ते त्या क्षणी हरून झाले होते. उरला होता तो फक्त सर्वनामांचा प्रश्न.

सर म्हणाले, "तुम्ही दोघं पुढे व्हा."

मराठीत 'तुम्ही' हा अनेकवचनीही आहे आणि आदरार्थीही. पंचवीस वर्षे आम्ही सरांना 'तुम्ही' म्हणत आलो, एका माणसासाठी. आणि सर आम्हांला 'तू' म्हणत आले. त्या रात्री प्रथमच सरांनी आम्हा दोघांना मिळून 'तुम्ही' म्हटले, आणि तो शब्द दोन्ही अर्थांनी लागला. त्यात आम्ही दोघे होतो, सर नव्हते. आणि त्यात कधी नव्हता तो एक आदरही होता, जणू निर्णय आमच्या हाती देऊन ते विद्यार्थ्यांच्या रांगेत जाऊन बसले होते.

आमच्यातली एक म्हणाली, "सर, आपण ठरवा." यातले 'आपण' आदरार्थी, म्हणजे तुम्ही ठरवा, आम्ही ऐकू. विद्यार्थ्याला शोभणारे वाक्य. आमच्यातला दुसरा जवळजवळ त्याच वेळी म्हणाला, "आपण ठरवू." यातले 'आपण' समावेशक. दोन वाक्यांत केवळ एका स्वराचा फरक. पहिल्या वाक्यात सर एकटे पडत होते, आणि आदरामुळे पडत होते. दुसऱ्या वाक्यात त्यांचे गुरुपण काढून घेतले जात होते, आणि त्याच किमतीत त्यांना सोबत मिळत होती. सर दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. भाषेचा प्राध्यापक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला तो स्वर ऐकू आला नसेल, असे आम्हांला वाटत नाही.

येथे आमच्यात मतभेद होता, आणि आजही आहे. 'आम्ही'ने तो झाकू नये म्हणून लिहितो. आमच्यातल्या एकाचे मत असे की तेथेच थांबायला हवे होते: साठी ओलांडलेल्या माणसाचा गुडघा ही काही प्रतीकाची वस्तू नव्हे, आणि 'एकत्र पोचणे' या कल्पनेच्या मोहात पडून दुसऱ्याच्या सांध्यांवर ती लादणे हा एक प्रकारचा जुलूमच. दुसरीचे मत असे की डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सरांना जीपमध्ये बसवणे हाच त्यांच्यावरचा अन्याय ठरला असता. माणसाची काळजी घेण्याच्या नावाखाली आपण त्याला प्रवासातून वगळतो, हे घराघरांतल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत रोज घडते. सरांचे मत त्यांनी त्या रात्री सांगितले नाही. हा मजकूर लिहिताना विचारले, तेव्हा ते म्हणाले की मला चालायचे होते, पण मागायचे नव्हते. हे वाक्य लेखात घ्यावे की नाही यावरही चर्चा झाली. ते घेतले आहे, तिघांच्या संमतीने.

आम्ही चाललो. सरांच्या सॅकमधले पाणी, घोंगडी, खजुराचे डबे आम्ही वाटून घेतले. रिकामी सॅक मात्र त्यांनी पाठीवरच ठेवली. क्रम बदलला. आधी नकाशा हाती असलेला पुढे असे, आता सर पुढे चालले आणि आम्ही मागे, म्हणजे वेग त्यांचा राहील आणि त्यांना मागे वळून पाहावे लागणार नाही. मागून संघ येत, वाट मागत, 'गुड गोइंग काका' म्हणत आणि पुढे जात. त्या 'काका'वर सरांनी पहिल्यांदा भुवई उंचावली, पाचव्यांदा हात उंचावला. पहाटे पाचच्या सुमारास बोलणे पूर्ण थांबले. ज्या शांततेत कोणाला कोणाची मनधरणी करावी लागत नाही अशी ती शांतता होती. तिला कोणते सर्वनाम लागते ते आम्हांला माहीत नाही. आम्ही लोणावळ्याला दहा वाजून काही मिनिटांनी पोचलो. कमान उतरवली जात होती. निकालाच्या यादीत आमच्या संघापुढे क्रमांकाच्या जागी एक आडवी रेघ आहे.

मराठी मनात डोंगरातली रात्र म्हटले की तानाजी उभा राहतो. ४ फेब्रुवारी १६७० ची ती हिवाळी रात्र आणि कोंढाण्याचा कडा. त्या रात्री चढलेले मावळे शेकड्यांनी होते. आठवणीत नाव राहिले ते मुख्यतः एकाचे, आणि त्याच्या भावाचे. पावनखिंडीची रात्रही अशीच बाजीप्रभूंच्या नावाने ओळखली जाते. बांदलांच्या माणसांची गणती करतो, नावे घेत नाही. हा कोणाचा दोष नव्हे. कथेला एक कर्ता लागतो. क्रियापद त्याच्याशी जुळावे लागते. आपल्याकडे अनेकवचनी कर्त्याची महान परंपरा आहे ती वारीची. पण दिंडीत कोणी कोणाशी वेळेची बरोबरी करीत नाही, म्हणून तिथल्या 'आम्ही'ची परीक्षा वेगळी असते. स्पर्धेतल्या 'आम्ही'वर घड्याळाचा ताण असतो, आणि तो ताण कोठे तुटतो ते पाहण्यासारखे असते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एव्हरेस्टचे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले, आणि परतताच साऱ्या जगाने एकच प्रश्न विचारला: आधी कोण? काठमांडूत त्यावरून राष्ट्राभिमानाचे वादळ उठले. दोघांनी मिळून निवेदन केले की आम्ही जवळजवळ एकाच वेळी पोचलो. 'जवळजवळ' हा क्रियाविशेषणाचा किती सुंदर उपयोग! दोन वर्षांनी, १९५५ च्या आत्मकथनात, तेनसिंगने स्वतःच सांगून टाकले की हिलरी काही पावले पुढे होता. एका दोराने बांधलेल्या दोन माणसांत असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, हे त्याचे म्हणणे कायमच होते. पण जगाला एकवचन हवे होते आणि शेवटी त्याने ते देऊन टाकले, तेही दुसऱ्याच्या नावे. या घटनेकडे आम्ही आता वेगळ्या रीतीने पाहतो. 'आम्ही' टिकवणे अवघड असतेच. त्याहून अवघड असते ते, 'आम्ही' सोडताना 'मी' न म्हणता 'तो' म्हणणे.

समीक्षेच्या लेखनात 'आम्ही' फार स्वस्त झाला आहे. 'आम्हांला असे वाटते' असे लिहिणाऱ्याच्या मागे पुष्कळदा कोणीच उभे नसते. एका माणसाने अधिकारासाठी पांघरलेले ते अनेकवचन असते. आम्हीही वर्षानुवर्षे तसे लिहीत आलो. अनेकवचनाची किंमत किती असते याचा एक ठोकळ हिशेब आता आमच्याजवळ आहे: तीन माणसे, एक गुडघा, साडेसहा तास, आणि एकमेकांशी न पटणारी दोन मते. हा हिशेब मांडून झाल्यावरही जे 'आम्ही' उरते ते लहान असते आणि हळू चालते. सर हल्ली आम्हांला 'तू'च म्हणतात, आम्ही त्यांना 'तुम्ही'. फक्त पुढच्या डिसेंबराविषयी बोलताना तिघांच्याही तोंडी 'आपण' येते, आणि कोणते 'आपण' ते कोणी विचारत नाही.